सातबाऱ्यावर आत्याबाई

माझ्या आत्याबाईचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिला नावं दोन होती आणि दोन्ही तिला न विचारता ठेवलेली. पहिलं आजोबांनी बारशाला ठेवलं, दुसरं नवऱ्यानं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं. नवरा गेला तेव्हा दुसरं नाव सासरी तीर्थपुरीला राहिलं. आजोबा गेले तेव्हा पहिलं नाव हाक मारणारं कुणी उरलं नाही. आम्ही पोरं तिला आत्याबाई म्हणायचो, वडील अक्का म्हणायचे. बाईचं आयुष्य असं कुणाची तरी कुणीतरी होऊन आरामात निघून जातं. नाव लागतं ते फक्त सरकारला.

ती आमच्या घरी आली ते साल एक्याऐंशी असावं. मी फारच लहान होते, त्यामुळे मला आठवतो तो फक्त डालड्याचा डबा. एसटीतून उतरताना तिच्या एका हातात कापडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात तो डबा, त्यात लिंबाचं इवलंसं रोप. लिंबू म्हणजे आंबट लिंबू, कडू नव्हे. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं, पदरी मूलबाळ नव्हतं. दिरांनी 'चार दिवस माहेरी जाऊन या' म्हणून पाठवलेलं. ते चार दिवस ती मरेपर्यंत संपले नाहीत.

आमचं गाव केदारखेड्याच्या पुढं. शेत दोन ठिकाणी, एक तुकडा रस्त्याला लागून आणि दुसरा नदीकडं. रस्त्याकडचं वावर वडील बघायचे. नदीकडचं लहान आणि चढउताराचं, तिथं वडिलांचं मन लागायचं नाही. आत्याबाईनं आल्याच्या आठवड्यात तिथं विहिरीजवळ ते रोप लावलं आणि त्या दिवसापासून नदीकडचं वावर तिचं झालं. म्हणजे असं कुणी ठरवलं नाही, पण गावात कुणी विचारलं की 'आत्याबाई कुठं?' तर उत्तर एकच असायचं. कांदा, भुईमूग, बांधावर दोडक्याचे वेल, थोडी वांगी. घरात तिला बोलायला फारसं सुचायचं नाही, वावरात मात्र ती एकटीच बडबडायची. आई म्हणायची, "वांग्याशी बोलती बाई, पन मह्याशी न्हाई."

आई तशी वाईट नव्हती. एका चुलीवर दोन बायका म्हटलं की धूर व्हायचाच. पण आत्याबाई चुलीजवळ फार थांबायचीच नाही, दोन भाकरी फडक्यात बांधून उजाडायच्या आत निघायची. वडिलांना तिनं लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं होतं आणि आता वडील तिला सांभाळत होते, असा त्या घराचा हिशेब होता. तिच्या कांद्याभुईमुगाचं काय व्हायचं, ते त्या हिशेबात कुणी धरत नव्हतं.

त्या काळी सातबारा म्हणजे तलाठ्याच्या हातचं लिखाण. मोठी माणसं अजून त्याला खासराच म्हणायची. बाजाराच्या दिवशी तलाठी एका दुकानाच्या ओट्यावर बसायचा, शेजारी लाल फडक्यात बांधलेलं दप्तर, भोवती उकिडवी बसलेली माणसं. वडिलांबरोबर मी एकदोनदा गेले आहे. तलाठी दप्तर उघडायचा, बोट फिरवायचा आणि जेवढं कामाचं तेवढंच उतरवून द्यायचा. खालच्या कोपऱ्यात 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो, तिथवर त्याचा हात सहसा पोचायचा नाही आणि माणसांनाही तो पोचावा असं वाटायचं नाही. वडील उतारा घडी करून टोपीत ठेवायचे. तो कधी कुणी पूर्ण वाचला असेल असं मला वाटत नाही.

मी शिकले, जालन्यात टायपिंग केलं, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात लागले. लग्नही तिथंच झालं. नव्वद सालानंतरची ती वर्षं होती, कॉम्प्युटरवाली म्हणून मला गावात भाव होता आणि तो मी पुरेपूर वसूल करायची. सुटीला गेले की पारावरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकवायची, एकदा सगळं कॉम्प्युटरवर येऊ द्या, मग बघा. कुणाच्या हातापाया पडायला नको, खाडाखोड नाही, दडवादडवी नाही, जे आहे ते छापून येणार. यातलं मी काहीच खोटं बोलले नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. जे होतं ते खरंच छापून आलं.

दोन हजार सालानंतर तहसिलीत कॉम्प्युटर बसले आणि सातबारा खिडकीवर मिळू लागला. त्याच सुमाराला वडिलांच्या मनात रस्त्याकडचं वावर विकायचं आलं. माझ्या भावाला जालन्यात नोकरी लागली होती, त्याला नवीन जालन्यात घर बांधायचं होतं, आणि रस्त्याच्या जमिनीला गिऱ्हाईक आपणहून दारात आलं होतं. उतारा काढायला मी वडिलांबरोबर गेले. खिडकीच्या आत प्रिंटर किरकिर करत होता. कागद हातात आला तसा वडिलांनी माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "वाच."

मी वरपासून वाचत गेले. गट नंबर, क्षेत्र, वडिलांचं नाव. मग खालचा रकाना. तिथं एका बाईचं नाव होतं आणि पुढं 'बहीण' असं छापलेलं.

"हे कोन?" वडील म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवलं नव्हतं. मग आठवलं तसे ते खिडकीपासून बाजूला झाले, टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "आरं, ही तर अक्का."

आजोबा गेले तेव्हा वारसांची नोंद झाली होती, त्यात कुण्या तलाठ्यानं कायद्याप्रमाणं लेकीचंही नाव लिहिलं होतं. ते दप्तरात खालच्या कोपऱ्यात पडून राहिलं. हातानं उतरवणाऱ्यांनी ते दर वेळी सोडलं, कॉम्प्युटरला सोडायचं कसं ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी तो कागद आत्याबाईला वाचून दाखवला. वडिलांनी सांगितलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी नाव वाचलं, आजोबांनी ठेवलेलं नाव, आणि ती शेंग फोडायची थांबली.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"सरकारला कसं म्हाईत?" ती म्हणाली. "त्येन्ला कुनी सांगितलं माहं नाव?"

मी तिला समजावून सांगितलं, वारस म्हणजे काय, हक्क म्हणजे काय. ती मान हलवत होती पण माझं ऐकत नव्हती. "कुठं हाय ते, बोट ठिव बरं," म्हणाली. मी तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती बराच वेळ बोट तसंच ठेवून बसली आणि कागदावर शेंगेची माती लागली.

तिला एवढी खूश मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेली नाही. आपण माहेरी आसऱ्याला आहोत, असं समजून ती वीस वर्षं राबली होती. ताटात पडेल ते खाल्लं, सणाला मिळेल ते नेसली, आईच्या पुढं कधी चढा आवाज काढला नाही. आणि इथं कागद सांगत होता की ती कुणाच्या आसऱ्याला नव्हतीच. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिनं बायकांना सांगितलं, "माहं नाव कॉम्पुटरात हाय." बायका हसल्या. एकीनं विचारलं, मंग आता तू टीव्हीत बी दिसशील का? आत्याबाई म्हणाली, दिसंल की, काय सांगावं. चेष्टा करून घ्यायचीही तिला तेव्हा हौस आली होती.

ती मजा आठ-पंधरा दिवसांची. गिऱ्हाइकानं उतारा बघितला आणि सांगितलं, बहिणीचं नाव काढून आणा, मग बोलू. जमीन घेणारा माणूस कुणाच्या घरातलं भांडण विकत घेत नाही, त्याचंही चूक म्हणता येणार नाही. वडिलांचं जेवण तुटलं. ते आत्याबाईशी बोलेनासे झाले. रागावले होते असं नाही, लाजत होते. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की माणसाला नीट भांडता येत नाही. तरी मी भांडले. म्हटलं, "नाना, रस्त्याकडचं विका, पण त्यातला तिचा वाटा तिच्या नावानं ठेवा. नाहीतर नदीकडचं तरी तिच्या नावावर करा."

"तुला काय समजतं?" वडील म्हणाले. "बहिनी काय वाटा घेत्यात का? आजवर कुनी घेतला?"

ते खरं होतं. आमच्याकडं बहीण वाटा घेत नाही. घेतला तर भाऊ तुटतो, दिवाळीला बोलावणं येत नाही, आजारपणात कुणी विचारत नाही. वाटा सोडायचा आणि माहेर राखायचं, असा तो जुना सौदा. त्याला हक्कसोड म्हणतात. पूर्वी हे तोंडीच चालायचं, कारण बहिणीचं नाव कागदावर आहे की नाही तेच कुणी बघत नव्हतं. आईला विचारलं तर ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "म्या बी सोडली माह्या भावायला. तू बी सोडशील. कामून इतकं मनाला लावून राह्यलीस?"

शेवटी वडीलच एका सकाळी आत्याबाईपुढं येऊन बसले. मी शनिवार म्हणून आलेली होते. वडिलांच्या हातात साडी होती, आमसुली रंगाची, बारीक काठाची. हक्कसोडीला भावानं बहिणीला साडी-चोळी करायची असते.

"अक्का, रस्त्याकडच्या तुकड्याचं तेवढं करून टाकू," ते म्हणाले. "पोराचं घर हुईल. नदीकडचं तुझंच हाय. तुझ्या लिंबाला कुनी हात लावायचा न्हाई."

आत्याबाईनं साडीवरून हात फिरवला. "भारी घेतली रं," ती म्हणाली. "एवढा खर्चा कशाला?"

रजिस्ट्री ऑफिस तालुक्याच्या गावी. तिथंही कॉम्प्युटर आले होते. फोटो, अंगठा, सगळं यंत्रावर. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात आधीच दोन जीपगाड्या उभ्या होत्या आणि त्यांतून बायका उतरत होत्या, तरण्या, म्हाताऱ्या, एक तर पोटुशी. सगळ्यांच्या अंगावर कोऱ्या साड्या. नव्या साडीची घडी मोडली तरी तिच्या रेघा दिवसभर जात नाहीत, त्या रेघा सगळ्यांच्या पाठीवर दिसत होत्या. अंगावर लग्नाची कापडं आणि तोंडं मयताला आल्यासारखी. कॉम्प्युटरनं गावोगावच्या बहिणी कागदावर आणल्या होत्या आणि भाऊ त्यांना पुसून टाकायला घेऊन आले होते. माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची मला त्या दिवशी पहिल्यांदा शिसारी आली, आणि त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आत टेबलाशी एक ऑपरेटर बाई बसली होती. तिनं दस्त वाचायला दिला. वाचायचं काम अर्थात माझं. मी गट नंबर बघितले. दोन होते. रस्त्याकडचा आणि नदीकडचा.

मी मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, यात दोन्ही वावरं आहेत. नदीकडचंसुद्धा आहे."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं की मी लहान असते तर तिथंच मुस्काटात बसली असती. मग ते आत्याबाईकडं वळले. "एकदाच होऊन जाऊ दे अक्का. पुन्ना पुन्ना कोन चकरा मारंल? कागदाला काय, वावर कुठं पळून जाऊन राह्यलं का?"

"मंग नदीकडचं?"

"तुझंच हाय. कागदावर काय हाय?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "आत्याबाई, कागदावरच असतं सगळं. तुम्ही नाही म्हणा. उठा, आपण जाऊ. मी नेते तुम्हाला घरी."

"कुठल्या घरी?" तिनं विचारलं. टोमणा मारून नव्हे, खरंच विचारलं. मी भाड्याच्या दोन खोल्यांत सासूसासऱ्यांबरोबर राहत होते. तरी मी म्हणाले, "माझ्या घरी." तिनं माझ्या गालाला हात लावला.

तेवढ्यात आमचा नंबर आला. साहेब साधा, कामाचा माणूस होता. त्यानं दस्त पुढ्यात घेतला आणि नेमाप्रमाणं विचारलं, "आजी, हा दस्त तुम्हाला वाचून दाखवला का? समजला का? राजीखुशीनं हक्क सोडताय का? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"भाऊ म्हनल तसं," आत्याबाई म्हणाली.

"भावाचं नका सांगू. तुमचं सांगा."

तिनं वडिलांकडं बघितलं. वडील जमिनीकडं बघत होते. मग ती म्हणाली, "मला माहेर पायजे."

साहेबानं चष्मा काढला. मला वाटतं त्याला कळलं. दिवसाकाठी किती बायकांना तो हा प्रश्न विचारत असेल, त्याला न कळून कसं चालेल? पण त्यानं चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाला, "आजी, हो का नाही, तेवढं सांगा."

"हो," ती म्हणाली.

मग फोटो. आत्याबाईचा फोटो कधी निघाला नव्हता. लग्नात कुणी काढला नाही, आणि मतदार कार्डावर जो होता तो एवढा काळा की त्यात ती आहे की दुसरंच कुणी, हे तिलाही सांगता येत नव्हतं. ऑपरेटर बाई म्हणाली, "आजी, पदर जरा मागं घ्या. इकडं बघा, ह्या गोल डोळ्यात." आत्याबाईनं पदर बोटभर मागं सारला. भावासमोर डोक्यावरचा पदर तिनं आयुष्यात ढळू दिला नव्हता.

"हसू का?" तिनं विचारलं.

"हसायचं नाही. हलायचं पण नाही."

मग अंगठा. यंत्राच्या काचेवर तिनं अंगठा ठेवला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. ऑपरेटर बाईनं काच पुसली, अंगठा पुसला, पुन्हा दाबला. नाहीच. "राबलेल्या बायकांचं असंच होतं," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "रेघाच राहत नाहीत."

"न्हाई म्हनून राह्यलं का ते?" आत्याबाईनं विचारलं.

त्या खोलीत नाही म्हणणारं ते यंत्र तेवढं एकटं होतं. पण त्यालाही शेवटी मानावं लागलं. ऑपरेटर बाईनं ओलं फडकं आणलं, आत्याबाईचा अंगठा स्वतःच्या हातात धरून जोरानं दाबला आणि एक पुसट ठसा आला. बाहेर पडल्यावर वडिलांनी हॉटेलात नेलं. पुरीभाजी आणि जिलबी मागवली. आत्याबाईनं जिलबी कागदात बांधून घेतली, आईसाठी. मी काहीही खाल्लं नाही आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

रस्त्याकडचं वावर गेलं. जालन्यात भावाचं घर उभं राहिलं. वडिलांनी शब्द पाळला, म्हणजे काही वर्षं पाळला. आत्याबाई भाकरी बांधून नदीकडं जात राहिली. लिंबाचं झाड एवढं लगडायचं की माझ्या ऑफिसातल्या बायकाही ती लिंबं घरी न्यायच्या. एकदा मी विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, "कागद त्यायचा, लिंबू माहं."

मग वडिलांना शेती झेपेना आणि भावाला गाव नको झालं. नदीकडचं विकायला कुणाच्या सहीची, अंगठ्याची गरज उरली नव्हती. वडील एकटेच जाऊन आले. आत्याबाईला कुणी सांगितलं नाही. मलाही नाही.

तेव्हा सातबारा इंटरनेटवर दिसायला नुकताच लागला होता. एका दुपारी माझ्या ऑफिसच्या दारात आत्याबाई उभी. पायात धूळ, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं. ती आयुष्यात एकटी जालन्याला आली नव्हती. बियाण्याची दुकानं आणि ऑफिसं नवीन जालन्यात पायलीला पन्नास. 'माही भाची कॉम्पुटरवर असती' एवढ्यावर ती दारोदार विचारत आली होती. सकाळी ती वावरात गेली तर वाटेवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं होतं आणि आत एक अनोळखी माणूस विहिरीत डोकावत होता. ती तशीच मागं वळली. तिथूनच रस्त्यावर येऊन एसटीत बसली.

मी तिला पाणी दिलं. तिनं माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडं बोट केलं. "ह्याच्यात बघ बरं माय, माहं नाव हाय का."

मला काय निघणार ते माहीत होतं. तरी तिला नाही म्हणायचं माझ्यात बळ नव्हतं. मी जिल्हा निवडला, तालुका निवडला, गाव निवडलं आणि तिचं माहेरचं नाव टाकलं. पान उघडायला वेळ लागत होता. ती खुर्चीच्या टोकावर बसून पडद्याकडं बघत होती, डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करताना पेशंटनं बघावं तसं. नाव नव्हतं.

"दुसरं टाकून बघ," ती म्हणाली. "तीर्थपुरीचं."

मी तालुका बदलला, तीर्थपुरी निवडलं आणि नवऱ्यानं तांदळात लिहिलेलं नाव टाकलं. तिथून तर तिला कधीच काढलं होतं. तेही नव्हतं.

"दोन्हीकडं न्हाई?"

"नाही, आत्याबाई."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

ती उठली, पदर सारखा केला. "बंद कर मंग," म्हणाली. "उगीच लाइट जळून राह्यली."

मी तिला माझ्या घरी ठेवून घ्यायला बघितलं. दोन दिवस राहिली, मग म्हणाली, लेकीच्या घरी किती राहावं, भाऊ वाट बघत असंल. भाऊ वाट बघत होताच. गावचं घर बंद करून वडील आईसह तिला माझ्या भावाच्या जालन्याच्या घरी घेऊन गेले, जिन्याखालची खोली दिली, टीव्ही दिला. तिला जे पाहिजे होतं ते मिळालं, माहेर. तिथं करायला काही नव्हतं. भाजीवाल्याकडची वांगी ती हातात घेऊन उलटीसुलटी करायची आणि परत ठेवायची. वडिलांशी ती कधी भांडली नाही, त्या वावराचं नाव पुन्हा काढलं नाही. भांडली असती तर वडिलांना बरं वाटलं असतं. दुसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. काही मोठा आजार नव्हता. डॉक्टरनं वय म्हणून लिहिलं.

वडील लेकरासारखे रडले. ते रडणं खरं होतं, मी त्यावर शंका घेणार नाही. तिनं त्यांना कडेवर वागवलं होतं. दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून घरभर शोधाशोध झाली आणि तिचा एकही फोटो नाही हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मतदार कार्ड कामाचं नव्हतं. मग भावाला आठवलं. कपाटातून हक्कसोडीचा दस्त काढला. मागच्या पानावर तिचा फोटो होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा, शेजारी तो पुसट अंगठा.

स्टुडिओत मीच गेले. फोटोवाल्यानं अंगठा कापून टाकला, मागं निळा रंग भरला आणि फोटो हातभर मोठा केला. "खांद्यावर रेघा आल्यात साडीच्या," तो म्हणाला. "काढू का?"

मी म्हणाले, राहू द्या.

तो फोटो आता भावाच्या बैठकीत आहे. पदर बोटभर मागं सरलेला, डोळे सांगितल्याप्रमाणं समोर, तोंड किंचित उघडं, नुकतंच 'हो' म्हटलेलं. वडील दर अमावस्येला त्याला हार घालतात. पाहुणे येतात, बघतात, म्हणतात, जुन्या बायकांचे इतके चांगले फोटो नसतात, कुठं काढला?

"तालुक्याला," वडील सांगतात. "म्याच नेलं होतं."